महाप्याची शंभर माणसं

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं, हा आमच्या पावणे गावचा जुना नियम. विहिरीवर दहा साप बघितले असं मी म्हटलं, की ऐकणारा पाच धरायचा आणि त्यातले दोन दोरखंड समजायचा. लग्न होऊन मी नेरूळला आले तर हा नियम रुखवतात मांडल्यासारखा माझ्या आधी सासरी हजर. आता ऐंशी ओलांडली. देवानेही नियम पाळलाय, दात निम्मेच ठेवलेत.

तर सांगायचं म्हणजे, परवा ऑक्टोबरातल्या सकाळी माझी नात कपाटं उपसत होती. बाहेर असं ऊन, की बाल्कनीच्या कठड्यावर बसलेला कावळा एकदा डावा पाय उचलत होता, एकदा उजवा. आणि ही पोरगी विचारते, "आजी, एखादी जाड शाल आहे का गं? ऑफिसात जाम गारठायला होतं."

"ह्या उन्हात?"

"एसी गं. अख्खा फ्लोअर कुडकुडत असतो. शंभर तरी माणसं असतील."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? महाप्याला. विसरलीस का, मी महाप्याला जाते ते?"

विसरले नव्हते. महाप्याला शंभर माणसं कुडकुडतात, हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

मी पेटीपाशी खाली बसले. लुगड्यांच्या तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली काळी घोंगडी बाहेर काढली. नातीने ती नाकाशी नेली आणि लांब धरली. "ई! काय वास आहे हा?"

वास बरोबर होता. आधी मेंढी, मग धूर, मग सुकट, आणि सगळ्यांच्या खाली खारट, ओला, आमच्या खाडीचा. ती खाडी आता पाइपांच्या आणि कारखान्यांच्या मागे कुठेतरी श्वास धरून पडलीय. पण घोंगडीत ती अजून तशीच होती, भरतीची.

"कुणाची ही?"

"तुझी गाडी यायला वेळ आहे ना? बस मग."

"बसते," ती म्हणाली, "पण निम्मं वजा करून ऐकणार."

ऐक बाई.

*

आधी ऊन सांगते, कारण थंडी कळायला ऊन माहीत लागतं.

आमचं पावणे तेव्हा मिठावर जगायचं. पावसाळ्यात खारीतलं, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीतलं भात, बाकी वर्षभर मिठागर. खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, चौकोनी कोंड्यांमध्ये पसरायचं, आणि उन्हाच्या हवाली करायचं. पुढचं काम सूर्याचं. ऊन म्हणजे आमचं अन्न होतं, आणि अन्नाला कोणी नाव ठेवत नाही. चैत्रात चुकून एखादा ढग आला, तर बायका अंगणात शिरलेल्या बकरीसारखं त्याला हाडहूड करायच्या.

आणि काय ते ऊन! आमच्याकडे कोंबड्या उकडलेलीच अंडी घालत. माझ्या बाबांनी उन्हाळ्यात कधी काडेपेटी विकत घेतली नाही, बिडी फावड्याच्या पात्याला टेकवली की पेटायची. चिखलातले निवटे मासे चिखल सोडून आमच्या माठाखाली बिऱ्हाड करायचे. करा, निम्मं वजा करा, तरीही घाम फुटेल.

पण उन्हाला आम्ही सरावलेलो. उन्हात माणसं चिडत, भांडत, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत. पण भांडायला का होईना, सगळी बाहेर असत. दारं उघडी, अंगं उघडी, तोंडं उघडी. रात्री सगळं गाव बांधावर आडवं. कोण घोरतंय आणि कोण रडतंय, सगळ्यांना ठाऊक. ऊन बाहेरून येतं ना, डोळ्यांना दिसतं, त्याला शिव्या घालता येतात.

अशा गावात, भर वैशाखात, वैनी आली.

वैनी म्हणजे आमच्या शाळामास्तरांची बायको, गोदावरी. मास्तर वर्षभर आधी आले होते, जुन्नरच्या वरच्या अंगाचे, आणि आमच्याच पडवीतल्या खोलीत राहायचे. मला आई नव्हती, भाऊ नव्हता. त्यांना इथं बहीण नव्हती. पहिल्याच भाऊबीजेला मी त्यांना ओवाळलं आणि नातं पक्कं झालं. म्हणून लग्न करून त्यांनी बायको आणली, तेव्हा ती मला वन्सं म्हणू लागली. ती एकोणीस वर्षांची, मी सोळा. कुणी मला एवढ्या मानाने हाक मारल्याची ती पहिलीच वेळ.

ठाण्याहून होडीने आली. हातात पत्र्याची पेटी, आणि खांद्यावर ही घोंगडी. धक्क्यावर उभ्या असलेल्या पन्नास माणसांनी (पंचवीस धरा) ती घोंगडी बघितली आणि डोळे विस्फारले. मग माझे बाबा म्हणाले, "पोरी, मेंढी आनलीस ती आनलीस, जिती तरी आनायची!"

हसून हसून एकजण धक्क्यावरून चिखलात पडला.

वैनी लाजली नाही. म्हणाली, "हसा, हसा. आमच्यात लेकीला घोंगडीबिगर सासरी धाडत न्हाईत. कवातरी लागंल."

"हितं?" बाबा म्हणाले. "हितं तुला आंगावरची कातडी जड होईल."

झालंही तसंच. पहिल्या महिन्यात ती भाजीसारखी कोमेजली. आम्ही बायकांनी तिला हातात घेतलं. मिठाची पेज प्यायला लावली. डोक्यावरच्या पदराखाली चिरलेला कांदा ठेवायला शिकवलं. दाराला ओलं गोणपाट लावून दिलं. आणि सगळ्यांवरचा उपाय म्हणजे भरतीला, ऐन दुपारी, तिवरांच्या सावलीत लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन बसणं.

"मी काय म्हैस हाये?" वैनी पहिल्या दिवशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला पाण्यातून बाहेर काढायला चार बायका लागल्या. पाण्यावर नुसती आमची डोकी, नारळासारखी तरंगणारी. तिवरांचा तो कुबट-गोड वास, अंगाला चिकटणारा गाळ, आणि वैनीचं ते हसणं, पाण्याला लागून आलेलं, जरा जास्त गोल. मी थापा मारायची आणि ती निम्मं वजा करायची नाही. तिला नियम कोणी सांगितलाच नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकणारं माणूस मला मिळालं होतं.

"वन्सं," ती म्हणायची, "तुमच्या गावाला बारा महिने ताप भरलेला हाये बघा."

*

मग ती थंडी आली.

कोजागिरी नुकतीच झालेली. हे दिवस आमच्याकडे भट्टीचे. खारीत भात पिवळं होऊन वाकलेलं असतं, आणि वरून ऊन असं, की कापणाऱ्याच्या पाठीवर पापड भाजून घ्यावा. त्या साली एका पहाटे वारा डोंगराकडून फिरला. सकाळी उठून बघतो तर काय, कोंबडा आरवायचा राहिला होता. गवत ओलं. खाडीवर धूर, आणि आग कुठेच नाही. हिरूकाकी, म्हणजे आमची शेजारीण, खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावत आली. तेल पांढरं, घट्ट झालेलं. "करनी केली गो कोनी," ती म्हणाली, आणि बाटली अंगणाबाहेर ठेवून आली.

तुम्हाला आता हसू येईल. काश्मीरच्या मानाने ती थंडी काही फार नसेल. पण आमच्यापाशी थंडीसाठी काहीच नव्हतं. पांघरूण नव्हतं. शब्द नव्हते. आमच्या घराच्या दाराला कडी आहे, हे मला त्या सकाळी समजलं. मिठाची रिकामी गोणपाटं होती, ती सगळ्यांनी अंगावर घेतली. आता मिठाचं गोणपाट म्हणजे हवेतलं पाणी शोषून घेणारं जनावर. दवानं ती अशी भिजली, की गाव ओल्या गोणीत बांधल्यासारखं आणखीच कुडकुडू लागलं.

आणि गप्प झालं. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. उन्हात गाव ओरडायचं. थंडीत त्याची वाचा गेली. दारं मिटलेली, जो तो आपल्याच गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. उन्हावर माणूस चिडतो. थंडीला तो घाबरतो, कारण थंडी बाहेरून आल्यासारखी वाटतच नाही. आपल्याच हाडांतून कोणीतरी आपल्याला हलवतंय असं वाटतं.

असं हलणं आम्ही ओळखत होतो. त्याचं आमच्या खाडीकाठी एकच कारण असायचं, हिवताप. दरसाल भातकापणीच्या सुमाराला तो यायचा आणि कोणाला तरी घेऊन जायचा. मी नऊ वर्षांची असताना माझ्या आईला घेऊन गेला होता. म्हणून त्या सकाळी जो तो आपले हलणारे हात बघत होता आणि कोणी काही बोलत नव्हतं.

विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. दातांवर दात वाजत होते. हिरूकाकी म्हणाली, "एकाच टायमाला सगल्यांना कसा गो भरंल ताप? नुसताच गारवा असंल."

तेवढ्यावर विषय संपला असता. पण सगळ्या गप्प होत्या आणि मला गप्प बसलेली माणसं बघवत नाहीत. माझी जीभ सुटली.

"गारवा कसला काकी? महाप्याला शंभर मान्सं आडवी झाल्यात! मावशीचा निरोप आलाय पहाटे. कुडकुडतात नि पडतात, कुडकुडतात नि पडतात."

महाप्याहून कोणीही आलं नव्हतं. मावशीचा निरोप नव्हता. शंभर हा आकडा मी कळशी उचलता उचलता ठरवला.

बायकांनी नियमाप्रमाणे निम्मं वजा केलं. पन्नास उरली. पन्नासही पुष्कळ झाली.

*

हिवतापाच्या गोळ्या, पांढऱ्या, विषासारख्या कडू, सरकारी माणूस वर्षाला एकदा मास्तरांकडे डबा भरून ठेवून जायचा. अर्ध्या तासात गाव आमच्या ओटीवर. मास्तर भांबावले. ते घाटावरचे, त्यांना हिवतापाची फारशी पारख नाही. वैनी त्यांच्या मागून ओरडत होती, "आवो, ही थंडी हाये! नुस्ती थंडी! आमच्याकडं दरसाली पडती!" पण मास्तर म्हणाले, "हे लोक इथले आहेत. यांना ठाऊक असणार." आणि त्यांनी डबा उघडला.

तीन दिवस गावाने गोळ्या खाल्ल्या. पोरांनी खाल्ल्या, म्हाताऱ्यांनी खाल्ल्या, भगताने आधी अंगारा लावला आणि मग गुपचूप चार खाल्ल्या. मीही खाल्ल्या, थाप माझी असून. सगळे खातात तर आपण का मागं राहायचं? त्या गोळ्यांनी कानात घंटा वाजतात. अख्ख्या पावणे गावाच्या कानात घंटा! जो तो ओरडून बोलायचा आणि समोरच्याला ऐकू यायचं नाही. बाबांनी मीठ मागितलं तर हिरूकाकीने त्यांना मांजर आणून दिलं.

चौथ्या दिवशी महाप्याची मासळीवाली आली. आम्ही आजाऱ्यांची चौकशी केली, तर टोपली उतरवून म्हणाली, "आमच्याकडं सगली धडधाकट हायत. का बरं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसू फुटलं. चार दिवसांचं तुंबलेलं हसू. "चल गो, थापाडे!" हिरूकाकीने माझा कान पिळला. बाबांनी दोन शिव्या दिल्या. झालं. एवढंच. कोणी मेलेलं नव्हतं, थंडी ही थंडीच होती, आणि डबा रिकामा झालाय हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग वैनीचे दिवस आले. आठ दिवस ती गावाची राणी होती. ऊन आम्हाला येत होतं, थंडी फक्त तिला येत होती.

तिनं आधी आमची गोणपाटं फेकायला लावली. पेंढा अंथरून त्यात निजायला शिकवलं. निखारे राखेखाली झाकून सकाळपर्यंत कसे जिवंत ठेवायचे ते दाखवलं. उन्हाला पाठ देऊन बसायला शिकवलं. जन्मभर ज्या उन्हापासून लपलो, त्याच्याकडे आम्ही पाठ करून रांगेने बसलो, वाळत घातलेल्या बोंबलांसारखे. आणि तिनं एक गोष्ट घरोघरी जाऊन सांगितली. "कुडकुडतंय म्हून घाबरू नगा. कपाळाला हात लावा. गार असलं तर थंडी. तव्यावानी असलं तर ताप." कपाळावर ठेवलेला तो तिचा हात अजून आठवतो, राखेचा वास यायचा त्याला.

आणि ही घोंगडी. वैशाखात जिच्यावर गाव हसलं, तिच्यासाठी आता पाळी लागली. कोंड्यांमध्ये पाणी घ्यायची पाळी जशी लागते, आज ह्याची, उद्या त्याची, अगदी तशी. रोज एका घरी. एका घोंगडीखाली सतरा माणसं, दोन कुत्री आणि एक बकरी निजायची. माणसं वजा करा. बकरी खरी होती.

"वैनी, तुला काय पांघरायला?" मी विचारलं.

"मला कशाला? मी थंडीचीच हाये."

*

खळ्यावर झोडणी चालली होती. भाताचा धुरळा, कोंड्याचा गोड कोरडा वास, पेंढ्यांचा धपधप आवाज. दुपार झालेली. थंडी असली तरी आमची दुपार ती दुपारच, माणसं घामाघूम. आणि वैनी खळ्याच्या कडेला बसून कुडकुडत होती. दात कडकड वाजत होते, बांगड्या वाजत होत्या.

भर उन्हात.

मी बघितलं, आणि मला काय सुचलं असेल? मी खळ्याच्या मधोमध उभी राहिले आणि तिची नक्कल केली. हात हलवले, मान हलवली, दात वाजवले. "बघा बघा, थंडीची मास्तरीन! सगल्या गावाला शिकवलंन आनि आता तिलाच थंडी!" खळं हसून लोळलं. वैनीही हसली. दात वाजत असल्यामुळे तिचं हसणं तुकड्यातुकड्यांनी आलं. "वन्सं... तुमी... म्हंजी..." तिला पुढचं बोलता येईना.

संध्याकाळी ती बरी होती. दुसऱ्या दिवशी बरी होती. चुलीशी गात होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. मी नकलेसाठी हात वर केले, आणि ते वरच राहिले.

एक दिवस आड. ऐन दुपारी. माझी आई अशीच, एक दिवस आड, सूर्य डोक्यावर असताना थरथरायची. थंडीने माणूस पहाटे कुडकुडतो. दुपारी घामाघूम खळ्यावर कुडकुडतो तो कशाने, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणत होतं. मी धावत जाऊन वैनीच्या कपाळावर हात ठेवला, तिनेच शिकवला होता तसा. तवा.

"कोणाला सांगू नगा वन्सं," ती म्हणाली. "ताप न्हाई, थंडी हाये, म्हून साऱ्या गावाला मीच सांगत फिरले. आता काय तोंडानं सांगू?"

तिला घरी नेलं आणि मी मास्तरांचा डबा काढला. रिकामा. मास्तरांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, परत सरळ केला. ओहोटी होती, होड्या चिखलात रुतलेल्या. ते तसेच ठाण्याच्या दिशेने पायी निघाले, टोपीही न घालता.

मी डब्याच्या तळाला बोट फिरवलं. कोपऱ्यांत थोडी पांढरी भुकटी होती. नखाने खरवडून, गुळात कालवून ती वैनीला चाटवली. दोन बोटांवर मावेल एवढी. आख्ख्या जन्मात मी तेवढीच खरी गोष्ट केली असेन.

मग घोंगडी. पाळी हिरूकाकीची होती. मी तिच्या दारात उभी राहिले, धापा टाकत. "काकी, घोंगडी दे. वैनीला हिवताप भरलाय."

काकी तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती जनींना भरलाय? शंभर?"

"काकी, खरंच गो."

"आनि मास्तरीन काय महाप्याला गेलेली?" आतून तिच्या सुना हसल्या. "आजची पाली आमची हाय. सकाळी ने."

मी रडू लागले, तर म्हणाली, "आता रडून पन दाखवतंय. गुनाची हाय पोर."

सगळ्या गावात निम्मं वजा करणारी माणसं, आणि त्या दिवशी त्यांनी पूर्णच वजा केलं. मी काकीच्या घरात घुसून घोंगडी ओढून आणली. तेव्हा कुठे ती सूप टाकून माझ्या मागून धावली. शिव्या देत आली आणि वैनीला बघताच उंबरा ओलांडून तिच्या उशाशी बसली.

घोंगडी पांघरली तोवर हीव उतरलं होतं आणि ताप चढला होता. वैनीने घोंगडी लाथाडली. "उकडतंय, उकडतंय," म्हणत लुगडं सोडू लागली. गाव गोळा झालं. आता काय करायचं ते सगळ्यांना येत होतं, कारण आता हे ऊन होतं. काकीने कांदा चिरला. कोणी मिठाची पेज आणली. दाराला ओलं गोणपाट लागलं. बाबा स्वतः खाडीचं पाणी आणून तिच्या पायांवर ओतत होते, ज्या बाबांनी तिला मेंढी म्हटलं होतं ते. वैशाखातले सगळे उपाय आम्ही त्या एका अंगावर केले, एका दिवसात, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला थोडी शुद्ध आली. माझा हात धरून म्हणाली, "भरती कवा हाये?"

"दुपारी."

"चला वन्सं, खाडीत बसू. लई उकडाय लागलंय."

"बसू," मी म्हटलं. "आज पानी बर्फासारखं हाय बघ. मासे गोधडी घेऊन फिरतायत."

ती हसली. माझ्या थापेला ती कायमच हसायची. मी आणखी सांगत गेले. खेकडे शेकोटी करून बसलेत, निवटे टोप्या घालून फिरतायत, बगळ्याला सर्दी झालीय. सांगतच राहिले. मध्येच काकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे गो आता. ऐकत नाय ती."

भरती आली आणि तिच्याबरोबर मास्तर आले. होडीतून उतरले तेव्हा छातीशी कागदाची पुडी धरली होती, भिजू नये म्हणून.

*

दोन दिवसांनी थंडी गेली, कुणी बोलावलंच नव्हतं अशी. पुन्हा ऊन पडलं, दारं उघडली, माणसं भांडू लागली. आमच्या दाराची कडी मात्र मी लावूनच ठेवायची.

गावाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. काकीने नाही, बाबांनी नाही. महाप्याचं नावही कोणी माझ्यासमोर काढलं नाही. मला वाटायचं, कोणीतरी कान पिळावा. पिळला नाही.

भाऊबीजेला मास्तर ओटीवर येऊन बसले. त्या वर्षी सण नव्हता. ओवाळू नका म्हणाले. घडी घातलेली घोंगडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "यंदाची ओवाळणी तिनंच ठरवली होती. म्हणायची, वन्संना घोंगडी देऊ, त्यांच्याकडे कुणीच नाही ऊब द्यायला." मग म्हणाले, "त्या गोळ्या मी जपून वाटायला हव्या होत्या. ती ओरडत होती. मी ऐकलं नाही. चूक माझीच झाली."

आता बोलायचं, एवढंच काम होतं. माझी जीभ, जी बारा गावं फिरून यायची, ती टाळूला चिकटली. मास्तर, चूक तुमची नाही, विहिरीवर मी, एवढे सहा शब्दही नाही. ते उठले. महिनाभराने बदली घेऊन घाटावर गेले, आपली चूक बरोबर घेऊन. ती त्यांची नव्हतीच. पुन्हा कधी भेटले नाहीत.

त्या थंडीच्या गोष्टी मी जन्मभर सांगितल्या. कानातल्या घंटा, बकरी, पांढरं तेल. पोरांना सांगितल्या, नातवंडांना सांगितल्या. कायम निम्म्याच. हसायचं निम्मं.

*

नातीची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवत होती. ती उठली नव्हती. तिचे डोळे भरलेले. काही वजा करायचं तिला सुचलं नाही.

"नेऊ ही?" तिने घोंगडी उचलली. "शंभर जणांत पाळी लावते."

"ने. पण दुपारी मला फोन कर. बाराच्या पुढं."

"कशाला गं?"

"कुडकुडतेस का सांग. आणि कपाळाला हात लावून सांग."

ती गेली. मी बाल्कनीत बसले. समोर जिथे नेरूळच्या कोंड्या होत्या तिथे इमारती उभ्या आहेत, उन्हात पांढऱ्या, वाळत घातलेल्या मिठासारख्या. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी मी पंखा लावला नाही.

साडेबाराला फोन वाजला.

"आजी, गार आहे कपाळ. माझं पण, सगळ्यांचं पण. महाप्यात सगळे धडधाकट आहेत."

मी फोन धरून बसले. ती "आजी? आजी?" करत राहिली. एवढाच निरोप होता तो. अगदी ह्याच शब्दांत. त्या सकाळी विहिरीवर, हातात कळशी घेऊन, मी एवढंच सांगायला हवं होतं.